मेघनखला पाच गुण

धाराशिव, १४ नोव्हेंबर २०२५

ती. काकांना,
शिवप्रियाचे शरणु शरणार्थी. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. मल्लेशअण्णा आठ दिवस माझा फोन उचलत नाही. काकूंनी कारण विचारलं तेव्हा मी विषय बदलला. कारण मीच आहे.

अण्णाच्या कंपनीचा 'मेघनख' हा व्हिडिओ गेम आलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे. ढगातून उडणारा, नखांतून वीज फेकणारा महानायक. त्यातली सगळी मारामारी अण्णानं बसवलेली. मी ज्या मराठी संकेतस्थळावर खेळांची समीक्षा लिहिते, तिथं तो माझ्याच वाट्याला आला. हा माझ्या चुलतभावाचा खेळ आहे, असं मी संपादकांना सांगितलं. दुसरं कुणी नाही, तेव्हा नातं छापून लिहा, असं ते म्हणाले. वहीत मी दहापैकी सात लिहिले होते. मारामारी उत्तम, ठोसा हाताला जाणवतो. पण गोष्ट शिळी आणि खलनायक बोलून बोलून दमवतो, म्हणून तीन कमी. छापायच्या वेळी मात्र भीती वाटली, लोक म्हणतील भावाला उचलून धरलं. मी पाच दिले.

सहा समीक्षांची सरासरी सात झाली तरच दुसरा भाग करायचा, असं पैसे लावणाऱ्यांनी अण्णाला सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं. मी सात दिले असते तर नेमकी सात झाली असती.

शाळेत जायच्या आधी मी तुमच्या आडत दुकानात पोत्यांवरची नावं वाचत अक्षरं शिकले. घरचा माल आला की तुम्ही प्रत एक पायरी खाली सांगायचा, तेही तिथंच पाहिलं. तसंच केलं. मग मन का खातं? आता गुण वाढवले तर लोक म्हणतील, भावानं वाढवायला लावले. काय करू, सांगा.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
शिवप्रिया


मुरुम, १९ नोव्हेंबर २०२५

चि. शिवप्रियास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या काकूनं ते दोनदा वाचून घेतलं आणि मला कन्नडात जे ऐकवलं ते इथं लिहीत न्हाय. पोरीला हे खूळ तुम्हीच लावलं, असा मतलब.

तिचं खरं हाय. तुझ्या बापाची तूर मी बारा वर्षं एक प्रत खाली बोललो. शरणबसप्पा सख्ख्या भावालाही सोडत न्हाय, असं बाजारात नाव झालं. मग एका साली त्यानं माल गुपचूप सोलापूरला नेला. तिथं तो पहिल्या प्रतीत गेला. मी लई भडकलो, तर तो एवढंच म्हणाला की दादा, नाव तुझं झालं, पण तूर माझी होती. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो न्हाय, म्हणून तुला ठाऊक न्हाय.

तुमचा खेळ मला कळत न्हाय. मल्लेशनं एकदा दाखवला तर मला चक्कर आली. पण एक विचारतो. नमुना काढताना पोत्यात लोखंडी नळी वर, मधे आणि तळाला अशी तीनदा खुपसायची, हे तू बघितलंस. तुझे सात तळापर्यंत जाऊन आले होते का? नसतील तर तेही खरे न्हाईत. पुन्हा खेळ. मल्लेश माझा पोरगा म्हणून वाढवू नको आणि तुझा भाऊ म्हणून कमी करू नको. लोकांना बोलायचं ते बोलू दे.

वेळेवर जेवत जा. चार ओळी टाकत जा, बरं वाटतं.
शरणबसप्पा


धाराशिव, ३० नोव्हेंबर २०२५

ती. मल्लेशअण्णा,
सा. न. वि. वि.

फोन उचलू नकोस, पण हे वाच.

मी दिलेले पाच खोटे होते. मनात सात होते, तू भाऊ म्हणून दोन कापले. काल हे मी संकेतस्थळावर माझ्या नावानिशी छापलं आणि नवे गुण दिले. सहा.

सात का नाही, तेही सांगते. पहिल्या वेळी घाईत शेवटची लढाई मी सोप्या पातळीवर उरकली होती. आता अवघड पातळीवर खेळले. किल्ल्यातल्या खांबामागं गेलं की कॅमेरा अडकतो, मेघनख दिसतच नाही आणि न दिसलेल्या ठोशानं मरतो. मी एकोणीस वेळा मेले. त्यातल्या अकरा वेळा चूक माझी नव्हती.

सहानं सरासरी सातला पोचत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी सहाच आहेत. खाली एका वाचकानं विचारलंय की बाई, पुढच्या आठवड्यात किती?

रागाव, पण तोडू नकोस.
तुझी,
शिवप्रिया


पुणे, ९ डिसेंबर २०२५

चि. शिवप्रियास आशीर्वाद.

दुसरा भाग होणार नाही. परवा कळवलं. आम्हाला दुसऱ्या कामावर घातलंय, त्यामुळं नोकरीची काळजी करू नकोस.

तुझे पाच आले तेव्हा तुला मनसोक्त शिव्या घातल्या. सगळं ऑफिस माझ्या बाजूनं होतं. सहा आले आणि ते खांबाचं वाचून सगळे माझ्याकडं बघायला लागले. खांब मीच ठेवायला लावले होते. कॅमेरा अडकतो हे मला तीन महिने माहीत होतं. समीक्षक अवघड पातळीवर तिथवर जायचे नाहीत, असं धरून चाललो होतो. बाकीचे पाच गेलेही नाहीत. आठ देणाऱ्यानं तर तीच लढाई सर्वांत छान म्हटलीय, आणि मी ते आईला फोनवर वाचून दाखवलं होतं.

पाचाला शिव्या देऊन भागत होतं. सहाला उत्तर द्यावं लागतंय. राग अजून आहे, खोटं कशाला सांगू.

नव्या खेळात घोड्यावरची लढाई आहे. संक्रांतीपर्यंत खेळण्याजोगी होईल. इकडं ये आणि पाहिजे तितक्या वेळा मर. मात्र त्या खेळावर तू लिहायचं नाहीस. संपादकांना आजच कळवून टाक.

वाट बघतो.
मल्लेश