मी उठसू, मे लेवान्तारे

नाना, आज वर्गात मी स्पॅनिशचा भविष्यकाळ शिकवला आणि धुळ्याच्या घरातला तुमचा पलंग आठवला. उभं आयुष्य एसटीचं स्टिअरिंग फिरवलेला तुमचा उजवा हात अर्धांगवायूनं मांडीवर निपचित पडलेला. डॉक्टर म्हणाले होते, रोज धरून उभं करा. तुम्ही तयारच नव्हता. आईनं ताट पुढं केलं की भिंतीकडे तोंड करायचात. मी पुण्याहून स्पॅनिशचं पुस्तक घेऊन आले होते; परीक्षा तोंडावर आलेली, आणि ती सोडून द्यायचं मनात जवळजवळ ठरलेलं. तरी सवयीनं तुमच्या उशाशी बसून घोकत होते : मे लेवान्तारे, ते लेवान्तारास, से लेवान्तारा.

"सकायपाईन काय घोकी ऱ्हायनी वं तू?" जड जिभेनं तुम्ही विचारलंत. आजारपणानंतर आपणहून बोललेलं ते तुमचं पहिलं वाक्य. मी सांगितलं, मी उठेन, तू उठशील, तो उठेल. पण त्या भाषेत नुसतं 'उठेन' म्हणून भागत नाही, 'मी स्वतःला उठवीन' असं म्हणावं लागतं. उठवणाराही आपणच, उठणाराही आपणच. तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, "मंग तठे कोनी कोनले उठाडत नही का?" तिथं कोणी कोणाला उठवत नाही का, या प्रश्नानं मला हसू फुटलं. दाराआडून आईचंही हसणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी बखोटीला धरलं, तर तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "मे लेवान्तारे!" त्यातला 'रे' तर असा लांबवलात, जणू समोरच्या गाडीवाल्याला हाक मारताय. आणि उभे राहिलात. पाय लटलटत होते, कपाळावर घाम होता, पण तुम्ही खाली बसायला तयार नव्हता. मग रोज तेच. एका सकाळी भिंत धरत दारापर्यंत आलात आणि माझ्या बॅगेकडे मानेनं खुणावलंत. "सोड वं हात. तू जाय पेपरले. मी उठसू." मे लेवान्तारेच, पण आपल्या बोलीतलं.

मी गेले, पास झाले, पुढं तेच शिकवू लागले. बस काही तुम्हाला पुन्हा चालवता आली नाही. पण काठी टेकत डेपोत जायचात, जुन्या ड्रायव्हरांबरोबर चहा पिऊन यायचात, तेही कितीतरी वर्षं.

हे पत्र टाकायचं कुठं, नाना? फक्त एक सांगते. स्पॅनिशची रूपं मी न अडखळता लिहीन. पण वर तुमचं बोलणं लिहिताना दोनदा खोडलं. आई गेल्यापासून आपल्या बोलीतलं विचारायला मला कोणी उरलं नाही. जसं कानात आहे, तसं लिहिलंय.