नारळ फोडल्यावर आत कोणी जाईना

नाशिक,
रविवार, दुपार

ती. कुसाआत्या हिला,

तुझ्या दीपीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (पदवी हातात आल्यापासून अण्णा चारचौघांत मला ‘आमची दीपमाला’ म्हणतात, पण तुला लिहिताना मी दीपीच.) इकडे सगळे बरे आहेत. अण्णांचा झेंडू यंदा चांगला फुलला, आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझा मुतखडा कसा आहे? फोनवर विचारलं की तू “बरंय गं, बरंय” म्हणतेस आणि लगेच कांद्याच्या रोपांवर घसरतेस. फार खोदलं तर तुझं दूध उतू जातं. म्हणून या वेळी पत्र लिहितेय. पत्राच्या मध्येच दूध उतू गेलं तरी पत्र तिथंच राहतं, परत येऊन वाचावं लागतं.

मागच्या वर्षीचं तू विसरली असशील, मी नाही विसरले. इथल्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या चार नंबर वॉर्डात तुला ठेवलं होतं. डॉक्टर सांगून गेले की दिवसाला चार लिटर पाणी प्या, आणि तू वॉर्डाचा संडास बघून आलीस त्या घटकेपासून पाणीच सोडलंस. “पाणी पोटात गेलं की तिकडं जावं लागतं, नकोच ते.” तिसऱ्या दिवशी तू स्वतःच स्वतःला सुट्टी दिलीस आणि येवल्याची एसटी पकडलीस. मामा बिचारे तुला एक्स-रेच्या रांगेत शोधत होते. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुझे सुकलेले ओठ बघून मी मनात काहीतरी ठरवलं होतं. ते नीट काय ठरवलं होतं हे मला आता आठवत नाही, पण त्याचा परिणाम असा झाला की गेले चार महिने मी त्याच दवाखान्यात ‘स्वच्छता समन्वयक’ आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर आहे, पुढचं तपासणीच्या गुणांवर. आई शेजारी सांगते, पोरगी दवाखान्यात साहेबीण आहे. अण्णा म्हणतात, पंधरा वर्षं शिकून शेवटी संडासच का? दोघंही खरंच बोलतात, त्यामुळे कुणाशी भांडावं ते मला कळत नाही.

आधी आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तीन बादल्या कशा ठेवायच्या, संडासाचं फडकं लाल आणि वॉर्डाचं निळं, असं सगळं पुस्तिकेत चित्रांसकट आहे. ते मी मालनबाईंना समजावून सांगायला गेले. मालनबाई म्हणजे वॉर्डाच्या सफाई कामगार, बावीस वर्षांची नोकरी. (मी जन्मले तेव्हा त्या याच फरशा पुसत होत्या.) कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, रंग मला समजला. पण बावीस वर्षांत नळाला पाणी किती वाजता येतं, ते पुस्तकात हाय का?” ते पुस्तकात नव्हतं. मग मी तीन आठवडे त्या पाण्याच्याच मागे लागले. अर्ज केले, प्लंबर आणला, गळके नळ बदलले. दाराला कडी बसवली (तू पायाने दार धरून बसली होतीस ना, तेच दार), दिवा लावला. घासायचं काम मालनबाईंनी केलं आणि पुस्तिका मी धरली. पण आत्या, खरं सांगते, फरशीत तोंड दिसायला लागलं.

मग मला वाटलं, लोकांना कळायला नको का? आमच्या इन्चार्ज अंजली सिस्टर म्हणाल्या, इथे नारळाशिवाय काही सुरू होत नाही. रुग्णवाहिकेला फोडला, एक्स-रे मशीनला फोडला, एवढंच काय, नव्या झेरॉक्सलासुद्धा फोडला. मग आपण का नाही? मी घरून झेंडूचं तोरण आणलं, उंबऱ्यापुढे रांगोळी काढली, चौकटीला हळद-कुंकू लावलं. नारळ मालनबाईंच्याच हातून फोडायचा असा मी हट्ट धरला. त्या नको नको म्हणत होत्या. मला वाटलं, लाजतायत. खोबरं सगळ्या वॉर्डाला वाटलं. त्या दिवशी मी इतकी खूश होते की घरी चालत गेले.

पहिल्या दिवशी संडासात कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दारामागच्या तक्त्यावर मी दर तासाला ‘स्वच्छ’ लिहून सही करत होते आणि माझं अक्षर बघून मलाच बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर चपलांची रांग दिसली. मी धावत गेले तर आत कोणीच नाही! बायका चपला काढत होत्या, उंबऱ्यापाशी हात जोडत होत्या आणि चपला घालून खालच्या मजल्यावरच्या जुन्या, दार नसलेल्या संडासात जात होत्या. ज्यांना जिना उतरवत नव्हता त्या जातच नव्हत्या. उंबऱ्यावर कोणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं होतं.

सुरगाण्याच्या गोजराबाई म्हणून एक आजी चार नंबर खाटेवर आहेत (तुझीच खाट). त्यांना मी विचारलं, तर माझ्याकडे वेड्यासारखं बघत म्हणाल्या, “बये, तोरण लावलं, नारळ फोडला, न् आता तिथं बसायचं? पाप नाय का लागायचं?” मी समजावलं की नारळ उद्घाटनाचा असतो, दसऱ्याला एसटीलासुद्धा फोडतात. त्या म्हणाल्या, “फोडतात ना. पण मंग एसटीत कोणी तसलं काय करतं का?”  यावर तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

मी तोरण काढलं, तर दोघीतिघी हळहळल्या की देव का उठवला. रांगोळी पुसली, तर दुसऱ्या दिवशी कुण्या पेशंटच्या सुनेने माझ्याहून सुबक काढून ठेवली होती. त्यातच तपासणीची समिती आली. त्यातले मोठे साहेब दाराशी आले, चपलांची रांग बघितली आणि आपोआप वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. त्यांचा हात कपाळाकडे निघाला होता, तो त्यांनी मध्येच केसांवरून फिरवून घेतला, पण मी बघितलं. आत फरशी कोरडी ठणठणीत, वास नाही, डाग नाही. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि ‘आदर्श’ असा शेरा मारला. अंजली सिस्टरांनी मला पेढा दिला. तो हातात घेऊन मी गोजराबाईंच्या खाटेपाशी आले तर त्यांचा पाण्याचा तांब्या सकाळचा तसाच भरलेला. ओठ फुटलेले. आत्या, तो पेढा मी परत कागदात गुंडाळून ठेवला. कोणी जात नाही म्हणून स्वच्छ, स्वच्छ म्हणून आदर्श, आणि आदर्श म्हणून कोणी जात नाही. यात माझं काम नेमकं कोणतं?

मालनबाईंना सांगितलं. त्यांनी पदर खोचला. बादली आणली, फरशीवर चार तांबे पाणी उडवलं, कोपऱ्यात जुना खराटा टेकवला, कान तुटलेला मग ठेवला, खिळ्याला स्वतःची प्लास्टिकची पिशवी अडकवली. मग सगळ्या वॉर्डासमोर चपला घालून आत गेल्या, कडी लावली आणि चांगल्या पाच मिनिटांनी पदराला हात पुसत बाहेर येऊन मोठ्याने म्हणाल्या, “मोकळं झालं बाई!” दहा मिनिटांत रांग लागली. गोजराबाई दुसऱ्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी अख्खा तांब्या प्यायला, आणि मी तक्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा ‘ओले’ असं लिहिलं. आता मालनबाई तासातासाला पुसतात आणि मी बादली भरून देते. समिती परत येणार आहे. सिस्टर म्हणतात, दोन दिवस आधी संडासाला कुलूप लावू, नाहीतर गुण जातील. कुलूप माझ्या पर्समध्ये आहे. ते हरवलं असं सांगावं की लावत नाही असं सांगावं, एवढं एकच अजून ठरत नाही.

मामांना नमस्कार सांग. चुकलं-माकलं पोटात घाल.

तुझी,
दीपी

ता. क. दुर्बिणीने खडा काढणारे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारच्या यादीत मी तुझं नाव लिहून आले आहे. गोजराबाईंना तोवर सुट्टी मिळेल, म्हणजे खाटही तीच. रागावू नकोस.

ता. क. दुसरा. मामा तुला पंचवटीला दर्शनाला जाऊ म्हणतील. ते दर्शन म्हणजे हा दवाखानाच. मी सांगितलं असं त्यांना सांगू नकोस, त्यांनी मला शपथ घातली आहे.

ता. क. तिसरा. समिती त्याच आठवड्यात येणार आहे. येऊ दे. तू आत असलीस तर कडी लावून निवांत बस, साहेब बाहेर थांबतील. चपला काढू नकोस. आणि एसटीत बसण्याआधी नको, पण नाशिकला उतरलीस की लगेच पोटभर पाणी पी. तिथून पुढचं माझ्याकडे.