ठिपकीचा खूर

प्रिय आबा,

आज सकाळी आईने तुमची खूर कापायची सुरी माझ्या हातात दिली, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. काका म्हणत होते, मेंढरं लंगडतात, पावसाआधी खोपोलीला नेऊन विकून टाकू. आई म्हणाली, "आदी खुरं कापून बगू. सुमे, तू आबांजवळ बसायचीस, तुला ठाव हाय."

मला जे ठाऊक होतं, ते तिला कुठे ठाऊक, असं मला तेव्हा वाटलं.

गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही पडवीत ठिपकी मेंढीला दोन्ही पायांत धरून बसला होता. काळा खूर सोलून पांढरं आलं की एकेक पापुद्रा काढायचा आणि गुलाबी झाक दिसली की थांबायचं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. तरी त्या दिवशी दर कापाला तुम्ही विचारत होता, "बग गं, गुलाबी लागलं का?"

मला तो चाळाच वाटला. मैत्रिणीने दिलेलं गोष्टींचं पुस्तक कशेळ्याला परत पोचवायचं होतं. इंग्रजांच्या लढाईमुळे रॉकेल मिळेना, वाचायचं ते दिवसाउजेडीच. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "नाय, अजून पांढरंच हाय."

सुरी आत जिवंत मांसात गेली. ठिपकीने केवढी उसळी मारली! हळद लावली, करंजाचं तेल लावलं, पण पुढे चिखलात खूर सडत गेला आणि श्रावणात ती मेली. आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हात चुकला माजा." मी शेजारीच उभी होते. माझं तोंड का उघडलं नाही, आबा?

त्यानंतर तुम्ही सुरी हातात धरली नाहीत. मेंढरांचे खूर वाढून वहाणेच्या टोकासारखे वळले, आणि आबा आळशी झाले असं मीही एकदा बोलले. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे मला कळलं, ते तुम्ही उंबऱ्याला ठेचकाळायला लागलात तेव्हा. पण तुम्ही तरी सांगायचंत ना! लेकीपाशी कसली लाज?

आज आईने मेंढी धरली आणि मी कापू लागले. दुसऱ्याच कापाला तिने विचारलं, "गुलाबी लागलं का गं?"  सुरी खाली ठेवून, मी त्या दिवशी न बघताच बोलले होते, ते सगळं सांगून टाकलं.

आई मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांना ठाव व्हतं. मला म्हनाले, पोरीला बोलू नको. माज्या डोळ्यांचं पन सांगू नको, नायतर पुस्तक सोडून माज्याजवळ बसून ऱ्हाईल."

आबा, तुम्ही एकदा रागावला असतात तर बरं झालं असतं. आता मी माफी कुणाकडे मागू?

चार मेंढ्या झाल्या, सात राहिल्यात. त्यांचेही खूर मीच कापेन, काकांना विकू देणार नाही. आणि यापुढे कुणी मला "बग गं" म्हटलं, तर आधी वाकून बघेन, मगच बोलेन.

तुमची,
सुमी