कुलूप परत पाठवलंय

आष्टा,
८ फेब्रुवारी १९४३

ती. आत्याबाईंस,
विजयमालाचा सप्रेम सलाम, वि. वि.

शाळेत आता मी बायबलच्या गोष्टी पाठ करून घेत नाही. मुलांनी गोष्ट हातानं करून दाखवायची, मग कळतं कुणाला किती समजली. आमच्या मिशनच्या मॅडमनी आधी नाक मुरडलं. पण नोहाचं तारू उसाच्या चिपाडाचं केलं आणि त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा त्याही हसल्या. इंग्रजी शाळेत शिकलेली सून असलेच खेळ मांडणार, असं तुम्ही म्हणाल.

संध्याकाळी मात्र खोली खायला उठते. तुमचंही तसंच असणार. यांचा पत्ता लागत नाही, असं लष्कराचं पत्र येऊन सहा महिने झाले. सासू-सुनांनी दोन गावांत एकेकट्या का बसायचं? तुम्ही इथंच राहायला या. शाळेचा शिपाई आकाराम तिकडं येतोय, त्याच्याबरोबर नवं पितळी कुलूप पाठवते. ते घराला लावा आणि त्याच्याबरोबरच निघा.

माया आहे तशी असू द्या.
तुमची विजयमाला

रहिमतपूर,
१४ फेब्रुवारी

चि. विजयमालास,
हरणाबाईचा आशीर्वाद. सांगणार मी, लिहिणार शेजारचा दादासो.

पत्र दोनदा वाचून घेतलं. मुंग्यांवर दादासो लय हसला, मलापण हसू आलं.

कुलूप परत पाठवलंय. चांगलं हाय, जड हाय. पण पोरी, माझा दानीएल आला आन् दाराला कुलूप बघितलं तर काय समजंल? आई मेली म्हणंल आन् माघारी जाईल. मी कडीसुदिक लावत न्हाई. रोज एक भाकरी जास्त थापते, सकाळी मीच खाते.

रागावू नगंस. तुझं वय ल्हान हाय. पुण्याला बापाकडं जा, दुसरं घर बघ. मी हाय हितंच.

कवातरी आठवण काढ, एवढंच मागणं.
हरणाबाई

आष्टा,
२ मार्च

ती. आत्याबाईंस,
सप्रेम सलाम, वि. वि.

कुलूप मिळालं. दोन दिवस तुमच्यावर रुसले होते, खरं सांगते.

मग वर्गात रूथची गोष्ट घेतली. नवरा गेल्यावरही सासूला न सोडणारी ती सून. (आपलं तसं नाही, हे मी पक्कं धरून आहे.) मुलांनी ज्वारीच्या ताटांच्या बाहुल्या केल्या, सासू-सून शेजारी शेजारी. अंजनानं मात्र म्हातारीला पुढं ठेवलं आणि सुनेला मागं, डोक्यावर गाठोडं देऊन. तरणी मागं का, असं मी विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, बाई, गाव म्हातारीचं हाय, सून तिच्या घरला चाललीया.

ही गोष्ट मला इंग्रजीतही पाठ आहे आणि मराठीतही. वर्गात सगळ्यांत कमी समजली होती ती मलाच.

मॅडमना राजीनामा दिला. मुलं आता कुठं रमली होती, असं त्या म्हणाल्या, तेव्हा रडू आलं. तिकडं शाळा मिळेल न मिळेल. तुमच्या अंगणात चार मुलं तरी बसतीलच. पुण्याचं परत लिहू नका.

कुलूप इथंच ठेवलं, मुलांच्या बाहुल्यांच्या कपाटाला. शनिवारी येते. जास्तीची भाकरी यांचीच राहू द्या. माझी वेगळी थापा.

तुमच्या मायेची,
विजयमाला