इंटरनेटवरून नाहीसं झालेलं आमचं कार्यालय

गुरुवार, कार्तिक अमावस्या

तुळशीची लग्नं लागून गेली तरी आमच्या मंगल कार्यालयाला चौकशीचा एक फोन नाही. मोबाईलवर 'भिंगार मंगल कार्यालय' शोधलं की पहिलं नाव आमचं यायचं. आता पहिलं शेलारांच्या कार्यालयाचं, आणि आमचं कुठेच नाही. परवा बाजारात शेलार भेटले तर उगाच हसले. त्यांनीच कुणाला तरी धरून आम्हाला खाली ढकललं असणार. नाहीतर हसायचं कारण काय?

संध्याकाळी भाऊजींना बघायला लावलं. नवी वेबसाइट त्यांनीच केलीय.

"वहिनी, ही ऐन पितृपक्षात चढवली होती. अण्णा म्हणाले, पक्षात कुणाला दिसायला नको. म्हणून 'सर्चमध्ये दाखवू नका' यावर मी टिक केली. ती काढायची राहूनच गेली."

म्हणजे शेलार नुसतेच हसले? मला अजून पटत नाही.

"मग काढा ना आत्ताच," मी म्हणाले.

अण्णा, म्हणजे सासरे, दारातच उभे होते. "आज न्हाई. अमावस्या हाय."

भाऊजींनी लॅपटॉप मिटला. उद्या सकाळी बाजारात भेटले की शेलार पुन्हा हसतील.