रावतभाट्याचा चढ

रेल्वे कॉलनी, जयपूर
८ ऑक्टोबर २००६

ती. उत्तमदादास,
सुलोचनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, आणि फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहिते.

भाचीला गिअरवाली सायकल देऊ नकोस, साधी दे, असं मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. आता सोनमला जयपूरहून निघून बूंदी, कोटा करत चंबळच्या घळईच्या काठाकाठानं रावतभाट्यापर्यंत जायचंय. कोट्याच्या पुढे तर रस्त्यानंही नाही. रस्त्यानं म्हणे कोणीही जाईल! दगडधोंड्यांच्या वाटेनं जायचं, आणि एका बाजूला सरळ खाली नदी. मागल्या वर्षी आमेरच्या उतारावर पडली, खांद्याच्या हाडात पट्टी बसवावी लागली. ते ही विसरली, मी नाही.

ह्यांनी एका शब्दात नाही म्हटलं. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत आणि एका खोलीतला निरोप दुसऱ्या खोलीत मी पोचवते. सोनम सायकलवर चौमू गावाला जाऊन येते म्हणून पहाटे निघते, ती शाळेत शिकवायला जायच्या वेळेला धुळीनं माखून परत. शाळेतली मुलं हिला काय म्हणत असतील!

ती फक्त तुझं ऐकते. तूच तिला समजाव.

आनंदीवहिनींना जयभीम. माया तर करतोसच, या खेपेला ती थोडी माझ्या बाजूनं कर.

तुझी,
सुलोचना


अकोला
१७ ऑक्टोबर २००६

चि. सौ. सुलोचनास,
दादाचे आशीर्वाद आणि मंगल कामना.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सोनमला कडक पत्र लिहिलं. उलट टपाली तिनं हातानं काढलेला नकाशा आला. पाणी कुठे मिळेल, कुठल्या गावात मुक्काम, कुठल्या उतारावर सायकल हातात धरून चालायचं, सगळं त्यात आहे. पोर डोकं वापरते गं. मला नाही म्हणता येईना.

तेव्हा असं ठरवलंय की मी बरोबर जातो. तीस वर्षं शाळेत पोरांना पळवलंय, एवढं जमेल. भगवानरावांना सांग, मामा सोबत आहे म्हटल्यावर हरकत नसावी. डिसेंबर बरा. तिला रुंद टायर घ्यायला लाव, बारीक टायर त्या दगडांवर टिकणार नाहीत.

रागावशील ते माहीत आहे. रागावून झालं की लिही. लोभ असतोच, तो कमी करू नको.

तुझा,
उत्तमदादा


जयपूर
२ नोव्हेंबर २००६

ती. दादास,
जयभीम.

रागावून झालेलं नाही. तुला समजावायला सांगितलं आणि तू टायर सुचवतोस?

पंधरा दिवस घराचं गॅरेज झालंय. माझ्या कणीक मळायच्या परातीत पाणी भरून सोनम त्यात ट्यूब बुडवते, बुडबुडे कुठून येतात ते बघायला. पडद्याला चेनचं तेल. तू येणार म्हटल्यावर हे कसेबसे राजी झाले होते, म्हणून मीही गिळलं सगळं.

आणि काल वहिनींचा फोन आला. डॉक्टरांनी तुला जिनासुद्धा चढायला मनाई केलीय! छातीत दुखतं हे तू आम्हाला सांगितलं नाहीस, आणि वहिनींना सांगितलंस की जयपूरला नुसता आराम करायला जातोय. दादा, तुझं वय काय आणि हे उद्योग काय?

सोनमनं सायकल परसात टाकीमागे नेऊन ठेवली. ओरडली असती तर परवडलं असतं. तिचं पत्र सोबत जोडते. मी वाचलेलं नाही.

औषध वेळेवर घे. एवढी माया तरी आमच्यावर ठेव.

सुलोचना


प्रिय मामा,
जयभीम. मराठी चुकली तर हसू नका.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलले. मतलब, मला बरं वाटावं म्हणून. पण वाटेत तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? तिथे दूरदूर दवाखाना नाही, मीच तर नकाशात लिहिलं होतं. मी खूप रागात आहे. पप्पा एकटीला सोडणार नाहीत आणि मला आता कोणाला विचारायचं पण नाही. तुम्ही लवकर ठीक व्हा, बस.

तुमची,
सोनम


अकोला
१२ नोव्हेंबर २००६

चि. सुलोचनास,
आशीर्वाद.

तुम्ही दोघी रागावल्या आहात आणि दोघींचं बरोबर आहे. तपासण्या चालू आहेत, आनंदी पहारा देते.

एकच मागतो. माझ्या छातीचं निमित्त करून तिला घरी बसवू नका. एक जीप करा, भगवानराव आणि तू मागून जा. पडली तर उचलायला तुम्ही आहात. नाही पडली तर ते बघायलाही तुम्हीच असाल. मला ते मिळणार नाही, तुला मिळेल.

भगवानरावांना मी वेगळं लिहिलंय. माझ्यावरची माया आटली असेल तर ती तिच्या वाट्याला दे.

दादा


रावतभाटा
१९ डिसेंबर २००६

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

लॉजच्या पायरीवर बसून लिहिते. सोनम जेवतेय, तिसऱ्यांदा.

काय काय सांगू? तुझ्या पत्रानं हे जीप करायला तयार झाले, आणि कोट्यापर्यंत ठीक होतं. पुढे घळई दिसली आणि मी जीपमध्ये डोळेच मिटून घेतले. हे मात्र खिडकीतून अर्धे बाहेर, तिच्या चाकावर नजर. शेवटी नदीपासून पठारावर जाणारा चढ लागला. सगळे सुटे दगड. अर्ध्यावर ती उतरली आणि खांदा धरून खाली बसली. म्हणाली, नाही होत. ह्यांनी लगेच दोर काढला, सायकल टपावर बांधायला.

मी तिची समजूत काढायला उतरले होते, खरंच. पण ती तशी बसलेली बघून माझं डोकंच फिरलं. ओल्या टॉवेलपासून सुरुवात केली. तो पलंगावर टाकते, फोन उचलत नाही, डब्यातली भाजी परत आणते, आणि आता एवढ्या लांब आणून आम्हाला उन्हात उभं करून ही बसली! ह्यांनी मला गप्प करायला बघितलं. सोनमनं माझ्याकडे असं काही रागानं बघितलं की विचारू नको. उठली, सायकलवर टांग टाकली आणि निघाली. मी चपला घातलेली, तिच्या बाजूनं चढतेय आणि बोलतेय. ती नुसती पायडल मारत होती.

वरच्या वळणावर माझाच दम संपला. गुडघ्यावर हात ठेवून मी गप्प उभी राहिले. तर ती पुढून, मागे न बघता ओरडली, आई, थांबू नकोस, बोल.

मग बोलले. वर पोचेपर्यंत बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

प्रकृती कळव, खरी कळव. माया आहेच, आता भेटीला ये. जिना नाही आमच्याकडे.

तुझी,
सुलोचना