डावं मागचं दार

मखमलाबाद, नाशिक
९ ऑक्टोबर

प्रिय सुवर्णा,

मंगळवारी सकाळी गाडी सुरू झाली. एकोणीस वर्षांनी. आधी नुसती खोकली, मग मागून काळा धूर सोडला आणि मग अशी गुरगुरली की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. रूपालीने दोन्ही कान दाबून धरले. तुझी वहिनी गेली दीड वर्षं त्या कॉन्टेसाला माझी सवत म्हणते, पण सवतीचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती, ती बसूनच राहिली. "नीट करून काय करणार हाय तू तिचं?" एवढंच म्हणाली. "बसायला कोण हाय तिच्यात?" मी म्हटलं, सुवर्णा येतेय ना भाऊबीजेला, निकिताही येतेय. त्यावर ती मेथीच्या काड्या सुपात गोळा करत राहिली.

निकिताने परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं, मामा, मला गाडीत कुठे बसवणार? मी म्हटलं, तू म्हणशील तिथे. मागे, खिडकीशी, असं ती म्हणाली. मग तू फोन घेतलास आणि ते वाक्य बोललीस. "दादा, त्या घरात माझा म्हणावा असा एक तूच होतास. फाटक तू उघडलंस." मी नुसतं हूं म्हटलं. त्या हुंकारापासून मला जेवण जात नाही. भाऊबीजेला दोन आठवडे आहेत. त्याआधी हे पार्सल कळवणला तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून छाटणीची कामं टाकून लिहायला बसलो आहे. फोनवर सांगायला गेलो असतो तर पुन्हा हूं म्हणून मोकळा झालो असतो.

आण्णा गेले तेव्हा त्यांना अंघोळ घालताना करगोट्याला बांधलेली शेडची चावी मीच सोडवली. तू गेल्यापासून त्या शेडला कुलूप होतं आणि कोणाची कुलपाकडे बघायचीही छाती नव्हती. उघडलं तर गाडी तू सोडलीस तशीच. तुझा एकेक घाव आता मला पाठ झालाय. बोनेटवर अकरा. छतावर सहा, त्यातला एक आरपार. पुढची काच, मागची काच, चारही दिवे. तू तेव्हा वीस वर्षांची, अंगात मुठीएवढा जीव, आणि ती पहार द्राक्षाचे खांब रोवायची. सकाळचे अकरा वाजले होते, अंगणात पंधरावीस माणसं होती. तुला हरसूलहून आणून कोंडल्याचा तो तिसरा दिवस. तुझ्या खोलीची कडी कोणी काढली ते घरात कोणी कधी विचारलं नाही. तू बाहेर आलीस ती सरळ पहारीकडे गेलीस. आण्णा काठी घेऊन पायऱ्या उतरले. पहार त्यांच्या हातावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला विहिरीपाशी ऐकू आला. दोन बोटं मरेपर्यंत वाकडी होती, त्याच हाताने ते जेवत. ते खाली बसले आणि तू गाडीकडे वळलीस. काचा फुटताना माणसं मागे मागे सरकत होती. कोणी पुढे झालं नाही.

तुझे ते घाव मी दीड वर्ष उलटे ठोकतोय. गाडी पूर्ण खोलली. इंजिन ट्रॅक्टरच्या साखळीने उचललं. आत उंदरांची तीन घरं निघाली, वायरिंग सगळं कुरतडलेलं. काचा कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणल्या, दिवे कोइमतूरहून मागवले. खोललेला प्रत्येक नटबोल्ट मी वेगळ्या पिशवीत घातला, पिशवीवर चिठ्ठी लावली आणि पिशव्या द्राक्षाच्या क्रेटांमध्ये ओळीने मांडल्या. तू मला लेबलमास्तर म्हणायचीस ते आठवतं का? मिठाच्या बरणीवर मीठ लिहिणारा माणूस म्हणून माझी टर उडवायचीस. ती खोड गेलेली नाही. त्या खोडीपायीच आज हे लिहावं लागतंय, पण ते पुढे सांगतो.

आधी हरसूलचं सांगतो. तुला ते ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. आठवडे बाजार होता. ज्याच्यासाठी तू घर सोडलंस तो नाथा नागलीच्या पोत्यांपाशी भाव विचारत उभा होता, तुझ्या हातात बांगड्यांचं पुडकं होतं. आपल्या दोघा चुलतभावांनी त्याला मागून धरलं. आण्णांच्या हातात चाकं खोलायचा पान्हा होता. पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा त्याच गुडघ्यावर. तो ओरडला नाही, तुझं नाव घेतलं. तिसऱ्या घावाला पोत्यावर कोसळला, नागली सांडली, आणि चौथा पान्हा कुठे बसला ते मी पाहिलं नाही, कारण आण्णा म्हणाले, "शेखर, गाडी लाव." मी लावली. त्यांनी तुला वेणीला धरून मागच्या सीटवर डावीकडे कोंबलं आणि स्वतः उजवीकडे बसले. वाघेऱ्याच्या घाटापासून गिरणाऱ्यापर्यंत मी आरशात बघितलं नाही. आवाज मात्र ऐकत होतो. त्यांच्या हाताचा आवाज वेगळा होता, तुझ्या पायांचा वेगळा. तू दाराला लाथा मारत होतीस. मी टेप लावला. गाणं कोणतं होतं आठवत नाही, आवाज शेवटपर्यंत मोठा केला होता एवढं आठवतं. थंडीत नाथाचा गुडघा अजून धरतो असं तू मागे म्हणालीस, तेव्हाही मी हूं म्हटलं होतं.

पत्र्याच्या कामाला मी पंचवटीतून सोमाला बोलावलं. चाळीस वर्षं पत्रा ठोकणारा माणूस, घावावरून नुसता अंगठा फिरवतो आणि मार कुठून आला ते सांगतो. त्याने बोनेट, छत, पुढची दारं करून दिली. मग डाव्या मागच्या दाराशी आला. आतलं पॅड काढलं, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाला, "शेखरभाऊ, सगळ्या गाडीला बाहेरून मारलंय. ह्या एका दाराला बाहेरून कायच नाय. ह्याला आतून मारलंय." आतला पत्रा पोचलेला, काचेचा सांगाडा वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेला, बाहेर मुठीएवढे तीन फुगवटे. पॅडच्या रेक्झिनवर टाचांचे व्रण होते आणि एके ठिकाणी तपकिरी डाग. सोमाला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो हसत म्हणाला, "आत काय कुत्रं बांधलं होतं का?"

मी त्याची गचांडी धरली आणि त्याचं तोंड फोडलं. दोन ठोसे मारले, तिसरा मारायला हात वर गेला होता. रूपाली मध्ये पडली म्हणून थांबलो. साठी उलटलेला माणूस खाली बसून शर्टाच्या बाहीने रक्त पुसत होता आणि मला म्हणत होता, "माझं काय चुकलं ते तरी सांगा." आण्णांना राग आला की माणूस राहत नाहीत, असं आपल्या घरात सगळे म्हणायचे. आईची बांगडी त्यांनी हातातच फोडली तेव्हा, माझ्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठले तेव्हा, प्रत्येक वेळी हेच ऐकू यायचं. त्या दिवशी रूपालीने ते माझ्याबद्दल म्हटलं, "राग आला की माणूस राहत नाहीत हे." मला तिच्यावरही हात उचलावासा वाटला. दुसऱ्या दिवशी सोमाच्या घरी जाऊन त्याचे पाय धरले. तो परत आला, पण एका बोलीवर. "त्या दाराला मी हात लावणार नाय. त्याच्यात काय हाय ते तुम्ही बघा."

तर ते दार तसंच राहिलं. एरवी डेंटर आतून बाहेर ठोकतो. हे दार बाहेरून आत ठोकायचं होतं. मी तीनदा हातोडी घेऊन उभा राहिलो आणि तीनदा खाली ठेवली. फुगवट्यावर हात ठेवला की तुझा पाय पलीकडून लागेल असं वाटायचं. शिवाय त्या दाराचं आतलं हँडलही नव्हतं आणि काच खालीवर करायचं हँडलही. गाडी जुळत आली, सगळ्या पिशव्या रिकाम्या झाल्या, तेवढी दोन हँडलं उरली. तुला फोनवर सांगितलं होतं, ती कुठेच मिळत नाहीत म्हणून. कुर्ला पालथा घातला, मालेगावची भंगार दुकानं बघितली, माणसांना फोटो पाठवले. आई हे सगळं दोन महिने बघत होती. श्रावणातल्या एका दुपारी ती शेडमध्ये आली, गाडीकडे न बघता माझ्यासमोर एक गाठोडं ठेवलं. धान्याच्या कोठीच्या मागे ठेवलेलं होतं, धूळ अजून तशीच. "शोधू नको," म्हणाली. "हे घे. अक्षर तुझंच हाय ना?" आणि परत चुलीशी गेली.

गाठोड्यात दोन हँडलं होती. बामची एक रिकामी बाटली होती, तिच्यात स्क्रू, आणि बाटलीवर चिकटपट्टी. तिच्यावर निळ्या शाईत नीट ओळीत लिहिलेलं होतं, डावं मागचं.

सुवर्णा, अक्षर माझंच आहे. हरसूलला जायच्या आदल्या दिवशी सकाळी आण्णा ओट्यावर पेपर वाचत होते, चहा पीत होते. रागाचा लवलेश नव्हता. पानावरून नजर न काढता म्हणाले, "ते मागलं डावं हँडल काढून ठेव. काचंचं पण." तू हरसूलला आहेस हे घरात सगळ्यांना कळलं होतं. मी का ते विचारलं नाही, कारण मला का ते समजलं होतं. मी पेचकस घेतला, पंधरावीस मिनिटं लागली. एक स्क्रू अडकला होता, त्याला तेल सोडलं, वाट बघितली, मग काढला. स्क्रू हरवू नयेत म्हणून बाटलीत घातले आणि बाटलीवर लिहिलं. नंतर ती बाटली कुठे गेली ते मी कोणाला विचारलं नाही. मला कोणी मारलं नव्हतं, पट्टा दाखवला नव्हता. बाहेर ऊन छान पडलं होतं. राग आलेला माणूस स्क्रू जपून ठेवत नाही गं. आण्णांनाही तेव्हा राग आलेला नव्हता आणि मलाही नव्हता. घाटात तू लाथा मारत होतीस तेव्हा दार का उघडत नाही ते त्या गाडीत मला माहीत होतं, तुला नव्हतं.

आणि फाटक. मी मागे सरकत सरकत त्याला टेकलो होतो. तू पहार घेऊन माझ्याकडे चालत येत होतीस. तुझ्या पायांत काचा घुसल्या होत्या, तोंडावर तुझंच रक्त होतं. मला वाटलं, आता माझी पाळी. मी घाबरून कडी काढली आणि बाजूला झालो. माझ्या हातून तेवढंच झालं. तू ते एकोणीस वर्षं उपकार म्हणून जपलंस, दरवर्षी कुरिअरने राखी पाठवलीस, आणि मी दरवर्षी ती बांधून घेतली, पोरांना हात दाखवत फिरलो. तुझ्या खोलीची कडी काढली ती आईने, हे मला गाठोडं बघितल्यावर कळलं; जिने ही हँडलं इतकी वर्षं जपली, ती तुला कोंडलेलं बघत बसली नसणार. त्या घरात तुझी म्हणावी अशी कोणी होती तर ती होती. तिला विचारलं, तू मला इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, "मला नाय सांगायचं. तिला सांग."

म्हणून सांगतोय. भाऊबीजेला तू माझ्यासमोर ताट घेऊन बसशील, कुंकू लावशील, आणि आपण कोणाला ओवाळतोय हे तुला ठाऊक नसेल, एवढं मला सहन होणार नाही. पाटावर बसायचं धाडस माझ्यात उरलेलं नाही. पार्सलमध्ये ती दोन हँडलं आहेत आणि बाटली, चिठ्ठीसकट. दार मी ठोकलेलं नाही, रंगवलेलंही नाही, तुझ्या टाचांसकट जसं होतं तसं आहे, आणि ते माझ्या हातून पुन्हा जुळणार नाही. बाकीची गाडी तयार आहे. आली नाहीस तर ती शेडमध्येच राहील, चावी आईकडे देईन. तुला भेटायला आईला मी बसने कळवणच्या स्टँडवर सोडीन, तिथून तिला नाथा नेईल, मी तुझ्या दारापर्यंत येणार नाही. पण आलीस तर ही बाटली घेऊन ये. पेचकस माझ्याकडे आहे. स्क्रू तू बसव, आतून, आणि ते दार आतून उघडतं का ते निकिताला बसवायच्या आधी तू स्वतः बसून बघ. मी बाहेर उभा राहीन. दादा अशी सही करायला हात धजत नाही, ते तू ठरवशील.

तुझाच,
शेखर